बांधीव खंड हलवून अभ्यासिका करावी काय?

प्रश्न
लिहिणारे : समिती-सदस्य

मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि यंदा ग्रंथालय समितीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही, म्हणून या क्षेत्रातील जाणकारांना विचारत आहे.

आमच्या समितीपुढे असा प्रस्ताव आला आहे की वरच्या मजल्यावरील नियतकालिकांचे बांधीव खंड (जुने अंक एकत्र बांधून केलेले ग्रंथ) काढून टाकावेत आणि त्या जागेत अभ्यासिका, गटचर्चेच्या खोल्या व संगणक असावेत. प्रस्तावाला आधार म्हणून देवघेव विभागाचे आकडे जोडले आहेत. घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या वर्षागणिक घटत आहे; मात्र वाचनकक्षातली गर्दी तसूभरही कमी झालेली नाही आणि परीक्षेच्या आधी तर बसायला खुर्ची मिळत नाही. या दोन आकड्यांचा मेळ कसा लावायचा, यावर समितीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की सर्व काही ऑनलाइन मिळत असताना कपाटांनी जागा का अडवावी. दुसऱ्या गटाला पुस्तके हलवणे म्हणजे ग्रंथालय मोडीत काढणेच वाटते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, परंतु का अपुऱ्या वाटतात हे नेमक्या शब्दांत मांडता येत नाही.

कोणते खंड काढावेत हे कोणत्या कसोटीवर ठरवावे? छापील अंकांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सदस्यत्व घेतले, तर आपल्याकडे तीच वस्तू राहते काय? आणखी एक गोष्ट. आमच्या ग्रंथपालबाई सांगतात की देवघेव घटली असली तरी काम वाढले आहे. समितीतील काहींना हे पटत नाही. हे काम नेमके कोणते, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

उत्तर
लिहिणारे : निवृत्त ग्रंथपाल

आपण जोडलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण अशा प्रस्तावांत बहुधा तिथेच चूक होते. देवघेवीची नोंद म्हणजे वापराची नोंद नव्हे. बांधीव खंड तर बहुतेक ठिकाणी घरी दिलेच जात नाहीत. त्यामुळे देवघेवीच्या आकड्यांवरून त्यांच्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. आम्ही एक साधी पद्धत वापरत असू. वाचकांनी टेबलावर ठेवून दिलेला प्रत्येक ग्रंथ कपाटात परत लावण्यापूर्वी त्याचा दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदीतील क्रमांक) टिपायचा, आणि हे निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष करायचे, कारण केवळ परीक्षेच्या महिन्यातला वापर वर्षाचे चित्र दाखवत नाही. वाचकांना मात्र "पुस्तके स्वतः कपाटात ठेवू नयेत" असे पुनःपुन्हा सांगावे लागते. काही शिस्तप्रिय वाचक तरीही ठेवतातच आणि मोजणी थोडी कमी येते.

पुस्तके वापरली जात नाहीत ही गोष्ट इंटरनेटमुळे घडली, असा एक समज आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की १९६९ मध्ये खरेदी केलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या ६ वर्षांत एकदाही वाचकाच्या नावावर गेली नव्हती. त्या काळी संगणकाचा पडदा वाचकाच्या वाट्याला आलेलाही नव्हता. त्या अभ्यासावर पुष्कळ वाद झाला आणि तो होणे योग्यच होते, कारण संशोधन ग्रंथालयातले पुस्तक आज नाही तर वीस वर्षांनी लागू शकते. परंतु "पूर्वी सर्व पुस्तके वाचली जात" ही आठवण आपल्याला वाटते तितकी खरी नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

आता कसोटीविषयी. प्रत्येक नियतकालिकाबाबत मी तीन प्रश्न विचारीन. त्याच वर्षांचे, त्याच पानांचे इलेक्ट्रॉनिक अंक आपल्याला कायमच्या हक्काने उपलब्ध आहेत काय? पोहोचता येईल अशा अंतरावरील दुसऱ्या कोणत्या ग्रंथालयाने ती छापील प्रत जपण्याची लेखी हमी दिली आहे काय? आणि आपल्या प्रतीत असे काही आहे काय जे इतरत्र मिळणार नाही, उदाहरणार्थ आपल्याच संस्थेची वार्षिके, स्थानिक संशोधन मंडळांचे अंक, पुरवण्या, नकाशे, घडीचे तक्ते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आणि तिसऱ्याचे नकारार्थी असेल, तरच तो खंड काढण्याच्या यादीत घालावा. मोघम उत्तर आले तर खंड राहू द्यावा. विसाव्या शतकात अनेक मोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांच्या मूळ फायली मायक्रोफिल्म करून टाकून दिल्या. नंतर त्यांतल्या कित्येक फिल्म अस्पष्ट निघाल्या, काहींत पानेच सुटलेली होती, आणि तोवर मूळ कागद हाती राहिला नव्हता. त्या चुकीची आजची आवृत्ती म्हणजे घाईने केलेले स्कॅन.

ग्रंथ काढणे आणि ग्रंथ हलवणे यांतही फरक करावा. मोठी विद्यापीठे हा प्रश्न दाट साठवणुकीने सोडवतात. शिकागो विद्यापीठाच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या मन्सुएतो ग्रंथालयात ३५ लाख खंडांची क्षमता असलेले भांडार जमिनीखाली आहे आणि यंत्राने चालणाऱ्या क्रेन मागितलेला खंड वर आणून देतात. वर काचेच्या घुमटाखाली वाचनकक्ष आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या २०१३ मधील हंट ग्रंथालयातही असेच यंत्र आहे आणि नेहमीच्या कपाटांना लागली असती त्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत त्याचा साठा मावतो. अशा भांडारात पुस्तके विषयवार न लावता आकारमानानुसार पेट्यांमध्ये ठेवतात. सर्वांना हे परवडणारे नाही, हे उघड आहे. लहान ग्रंथालये रुळांवर सरकणारी कपाटे घेतात, पण ती घेण्यापूर्वी इमारतीच्या अभियंत्याला अवश्य विचारावे, कारण कागदाचे वजन फार असते आणि वरच्या मजल्याची फरशी ते पेलेलच असे नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच सूत्रांपैकी पाचवे सूत्र "ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे" असे सांगते आणि पुस्तके वाचवू पाहणारा गट बहुधा याच सूत्राचा आधार घेतो. परंतु ग्रंथसंग्रह फुगत जाणे एवढाच त्या वाढीचा अर्थ नव्हे. सजीवाप्रमाणे ग्रंथालयाने रूप बदलणे हेही त्यात येते. त्याच्या आधीचे सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. ज्याला बसायला खुर्ची मिळत नाही त्या वाचकाचाही वेळ जातोच.

उत्तर
लिहिणारे : ई-संसाधन विभाग

मी एका विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संसाधनांचे काम पाहते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. छापील अंक विकत घेतला की तो ग्रंथालयाच्या मालकीचा होतो. वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहतात. इलेक्ट्रॉनिक सदस्यत्वात आपण करार करतो आणि कराराने ठरवलेल्या मुदतीपुरता, ठरवलेल्या लोकांना, ठरवलेल्या रीतीने प्रवेश मिळतो. घरमालकाचे भाडेकरू झालो, असे म्हणता येईल. त्यामुळे करार वाचणे हे आता ग्रंथनिवडीइतकेच महत्त्वाचे काम झाले आहे, आणि ते देवघेव विभागाच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

करारात मी सर्वप्रथम सदस्यत्व संपल्यानंतरचे कलम शोधते. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील काय, येतील तर प्रकाशकाच्याच संकेतस्थळावर की अन्य मार्गाने, आणि त्यासाठी निराळे शुल्क आहे काय, हे स्पष्ट लिहिलेले असावे. प्रकाशकच बंद पडला तर काय, यासाठी दोन व्यवस्था सर्वपरिचित आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेली 'लॉक्स' ही व्यवस्था अनेक ग्रंथालयांत एकाच मजकुराच्या प्रती ठेवते आणि त्या एकमेकींशी ताडून बिघडलेली प्रत दुरुस्त करते; 'पोर्टिको' ही मध्यवर्ती भांडाराच्या रूपाने तेच काम करते. आपले नियतकालिक यांपैकी कोठे जपले जाते, हे खंड काढण्यापूर्वी तपासावे.

संचांच्या रूपाने मिळणाऱ्या सदस्यत्वाबाबत अधिक सावध राहावे लागते. एका मध्यस्थाच्या संचात शेकडो नियतकालिके असतात, पण त्यांतले एखादे प्रकाशकाने वर्षाच्या मधोमध काढून घेतले तर आपल्या हाती तक्रारीपलीकडे काही नसते. काही नियतकालिकांचे सर्वांत नवे अंक अशा संचात मुद्दामच वर्षभर उशिरा येतात. ई-पुस्तकांत तर एका वेळी किती वाचकांनी ते उघडावे यावरही मर्यादा असते. परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच विद्यार्थ्याला "हे पुस्तक सध्या वापरात आहे" असा संदेश दिसतो, आणि संगणकावरचे पुस्तक 'वापरात' कसे असू शकते हे त्याला समजावून सांगणे कठीण जाते.

सदस्यत्व सोडून देणे हाही आता पर्याय मानला जातो. हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळाने २०१२ मध्येच कळवले होते की मोठ्या प्रकाशकांच्या वाढत्या वर्गण्या यापुढे पेलण्यासारख्या नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशकाशी चाललेली बोलणी थांबवली आणि मार्च २०२१ मध्ये नवा करार केला. त्यात वाचनाबरोबरच विद्यापीठातील लेखकांचे लेख सर्वांना खुले प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. मधली दोन वर्षे आंतरग्रंथालयीन देवघेव, लेखकांनी स्वतः खुल्या भांडारांत ठेवलेल्या प्रती आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांची शोधाशोध यांच्या आधारावर निभावली गेली. अशा 'वाचा आणि प्रसिद्ध करा' करारांचे सर्वत्र स्वागत झाले असले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. वाचकाकडून घेतली जाणारी रक्कम लेखकाकडून घेतली जाऊ लागली, तर ज्यांच्यामागे श्रीमंत संस्था नाही अशा लेखकांसाठी दार केवळ दुसऱ्या बाजूने बंद होते.

वापराचे आकडे आम्हीही पाहतो. 'काउंटर' या मानकामुळे निरनिराळ्या प्रकाशकांचे आकडे एकाच मापाने मोजता येतात, त्यावरून प्रत्येक वापरामागचा खर्च निघतो आणि समित्यांना तो आकडा फार आवडतो. तो दाखवण्यास माझी हरकत नाही. परंतु एखाद्या लहान विभागात चारच संशोधक असतील तर त्यांचे नियतकालिक या हिशेबात नेहमीच महाग ठरणार, आणि केवळ त्या एका आकड्यावर ते बंद केले तर तो विभाग हळूहळू बंद करण्यासारखेच होईल.

आपल्या ग्रंथपालबाईंच्या वाढलेल्या कामाचा मोठा भाग असा पडद्यामागे असतो. संस्थेबाहेरून लॉगिन चालणे, शोधपेटीतील दुवा योग्य लेखापर्यंत पोहोचणे, नियतकालिकाचे नाव बदलले की जुन्या-नव्या नोंदी जोडणे, आपल्या संस्थेतील प्रबंध डिजिटल भांडारात व्यवस्थित वर्णनासह ठेवणे, ही सारी कामे नीट झाली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत. मुक्त स्रोत प्रणालींमुळे आज्ञावलीचा (सॉफ्टवेअरचा) खर्च वाचतो हे खरे आहे. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली 'कोहा' ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची प्रणाली २००० पासून वापरात आहे आणि एमआयटी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी घडवलेली 'डीस्पेस' ही डिजिटल भांडाराची प्रणाली २००२ पासून. मात्र आज्ञावली विनामूल्य असली तरी ती चालवणारी माणसे लागतात. प्रणालीच बंद पडली तर काय होते हे एका मोठ्या संस्थेच्या अनुभवावरून समजावे: ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि तिथली ऑनलाइन तालिका (ग्रंथांची सूची) जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हाही ती केवळ शोधण्यापुरती होती. सुरक्षित प्रती (बॅकअप) कोठे ठेवल्या आहेत आणि त्या पुन्हा चालू करून कधी पाहिल्या होत्या, हे आपल्या समितीने विचारावे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

उत्तर
लिहिणारी : संशोधक विद्यार्थिनी

मी वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. गेल्या दोन वर्षांत मी ग्रंथालयाच्या कपाटांजवळ फारच थोड्या वेळा गेले असेन, तरीही ग्रंथालयाशिवाय माझा एकही दिवस जात नाही, कारण माझ्यासाठी ग्रंथालय म्हणजे मुख्यतः लॉगिन आहे. त्यामुळे मला दरवाजावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांची मोजणी आणि देवघेवीची मोजणी, दोन्ही अपुऱ्या वाटतात.

पहिल्या उत्तराशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. आकारमानानुसार रचलेल्या भांडारातून पुस्तक मागवायचे तर त्याचे नाव आधी ठाऊक असावे लागते. माझ्या प्रबंधातील सर्वांत उपयोगी पडलेला ग्रंथ मी शोधत नव्हतेच. तो शोधलेल्या ग्रंथाच्या शेजारी होता. वर्गीकरणाने शेजार घडवलेला असतो आणि तो शेजार मोडताना निदान तालिकेत तरी त्याची सोय ठेवावी. वर उल्लेखलेल्या कोहामध्ये पडद्यावर कपाट न्याहाळण्याची सोय आहे. ती चालू करून घ्यावी, ही विनंती.

नवे काम कोणते, यावर माझ्या अनुभवातील एक गोष्ट सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर मी त्याला माझ्या विषयावरील लेखांची यादी विचारली. लेखकांची नावे ओळखीची होती, नियतकालिक खरे होते, खंड व पृष्ठांक व्यवस्थित होते, आणि त्यांतले तीन लेख कधी लिहिलेच गेले नव्हते. मी ते आंतरग्रंथालयीन देवघेवीत मागवले होते. संदर्भ विभागातील मॅडमनी मला बोलावून अजिबात न रागावता दाखवले की त्या खंडात ती पाने दुसऱ्याच लेखाची आहेत. अशा मागण्या आता नित्याच्या झाल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. त्यांनी शिकवलेली पद्धत साधी आहे: आधी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून पाहावा, तो नसेल तर नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहावी, आणि लेख मागे घेतलेला नाही ना, हेही तपासावे. जी गोष्ट अस्तित्वात नाही ती सापडत नाही हे खात्रीने सांगायला चांगल्या तालिकाच लागतात. तालिकेचे काम संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा असा खोटा संदर्भ स्वतः शोधून पाहावा.

संशोधनाच्या विदेबाबतही (डेटाबाबतही) मला ग्रंथालयानेच मदत केली. विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदेबरोबर जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, अशी चार तत्त्वे २०१६ मध्ये 'फेअर' या नावाने मांडली गेली आणि आता अनुदान देणाऱ्या अनेक संस्था विदा कशी जपणार याचा आराखडा आधीच मागतात. माझ्या फायलींची नावे 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरोखर अंतिम' अशी होती. ती सरळ करण्यात एक आठवडा गेला.

एक गोष्ट समितीने विसरू नये. माझा एक अंध सहाध्यायी पडदावाचक आज्ञावलीच्या आधारे वाचतो. पानाचे नुसते छायाचित्र असलेली पीडीएफ त्याच्यासाठी कोऱ्या पानासारखी असते. अशा वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्यास व देशोदेशी पाठवण्यास वाट देणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१६ मध्ये अमलात आला; पण प्रती तयार करणारे हात शेवटी ग्रंथालयातलेच असतात. बांधीव खंडांऐवजी स्कॅन ठेवणार असाल, तर त्यांतला मजकूर यंत्राला वाचता येतो की नाही, हे पाहिल्याशिवाय छापील प्रत सोडू नये.

प्रतिसाद
लिहिणारे : समिती-सदस्य

तिघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. आपली उत्तरे वाचल्यावर मी ग्रंथपालबाईंसोबत बसून करार पाहिले. आम्ही काढायला निघालो होतो त्यांपैकी एका नियतकालिकाचा ऑनलाइन प्रवेश आमच्या कपाटातील खंडांपेक्षा पुष्कळ नंतरच्या वर्षापासून सुरू होतो, आणि दुसऱ्या दोन नियतकालिकांच्या करारात सदस्यत्व संपल्यानंतरच्या हक्काचे कलमच नाही. प्रस्तावात या तिन्हींपुढे "ऑनलाइन उपलब्ध" एवढेच लिहिलेले होते. ते लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. आम्ही अर्धाच प्रश्न विचारला होता.

आता मी असे सुचवणार आहे की वर्षभर टेबलावरील ग्रंथांची मोजणी करावी, कायम हक्क असलेल्या नियतकालिकांचेच खंड पहिल्या टप्प्यात हलवावेत आणि त्यातून मोकळ्या होणाऱ्या भागात अभ्यासिका करावी. ती जागा मूळ प्रस्तावाच्या निम्मीही नसेल. एक शंका उरते. गटचर्चेच्या खोल्या आणि शांत वाचनकक्ष एकाच मजल्यावर असावेत काय?

उत्तर
लिहिणारे : निवृत्त ग्रंथपाल

शक्यतो नसावेत. प्रवेशद्वार, देवघेव विभाग आणि गटांच्या खोल्या खालच्या मजल्यावर, व जसजसे वर जावे तसतशी शांतता, अशी रचना बहुतेक ठिकाणी यशस्वी ठरते. आपल्याकडे मोकळी होणारी जागा वर आहे, म्हणून तिथे शांत अभ्यासिका करावी आणि चर्चेसाठी खाली दुसरी जागा शोधावी. जागा मिळालीच नाही, तर खोल्यांच्या भिंती छतापर्यंत न्याव्यात. अर्ध्या उंचीच्या काचेने आवाज अडत नाही.

विद्यार्थिनींनी शेजारच्या ग्रंथाचा जो मुद्दा मांडला तो मला मान्य आहे. माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. ग्रंथ दाट भांडारात न्यायचे झाले तर आधी नियतकालिके न्यावीत, कारण त्यांतला लेख वाचक संदर्भावरून शोधत येतो. विषयवार लावलेली पुस्तके शक्य तितका काळ उघड्या कपाटात राहू द्यावीत.

खंड हलवताना वार्षिक सूची कोठे बांधली आहे हेही पाहावे. कित्येकदा ती शेवटच्या अंकाबरोबर न येता पुढच्या वर्षी स्वतंत्र येत असे आणि मिळेल त्या खंडात शिवली जाई. ऑनलाइन संचात ती बहुधा नसते, आणि तो खंड गेला की तीही जाते.